जपानच्या आडवाटेवरचे सूर

व्हाइटफील्ड या नावावरून कोणी पांढऱ्याशुभ्र शेताची कल्पना करील, तर तो फसेल. बंगळूरच्या पूर्वेकडील या उपनगरास डी. एस. व्हाइट नावाच्या गृहस्थांचे नाव मिळाले आहे. १८८२ साली म्हैसूरच्या महाराजांनी अँग्लो-इंडियन आणि युरेशियन कुटुंबांच्या वसाहतीसाठी येथे जमीन दिली, तेव्हा कौलारू बंगले, फळबागा आणि त्यांमधून जाणारी वर्तुळाकार सडक एवढाच या गावाचा संसार होता. आज त्या सडकेभोवती काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत, २०२३ पासून मेट्रोगाडीही थेट येथवर येऊ लागली आहे, आणि एकेका इमारतीत एवढी बिऱ्हाडे आहेत की आमच्या साताऱ्याकडचे एखादे खेडे तीत सहज मावावे. अशाच एका इमारतीच्या सातव्या मजल्यावर माझा भाचा राहतो. दरवर्षी थंडीचे दोन महिने मी त्याच्याकडे काढते.

गेल्या खेपेची गोष्ट. दुपारची वेळ, भाचा कचेरीत, मुले शाळेत. मी गच्चीत तांदूळ निवडीत बसले होते. खालच्या मजल्यावरून तारेचा आवाज येऊ लागला. पहिल्यांदा वाटले, गोंधळ्याचे तुणतुणे! पण तुणतुण्याला तार एक आणि सूरही एकच; येथे तर चाल चालली होती. मग वाटले, जवळच्या देवळात नागस्वरावर वाजते ती मिरवणुकीची चीज कोणी तंतुवाद्यावर काढीत असावे. सा, शुद्ध गंधार, मध्यम, पंचम, शुद्ध निषाद आणि वरचा सा. ऋषभ नाही, धैवत नाही. दक्षिणेत या स्वरमेळाला गंभीरनाट म्हणतात. देव पालखीतून बाहेर निघताना नागस्वरवाले तो वाजवतात. आपल्याकडचा तिलंग चढताना याच पायऱ्यांनी चढतो. सारी हयात शाळेत गाणे शिकवण्यात गेल्यामुळे कानांना ही खोड जडली आहे. सूर ऐकला की त्याला नाव दिल्यावाचून चैन पडत नाही.

भाचेसुनेला विचारले. ती हसून म्हणाली, “मावशी, ती खालची जपानी बाई. तिचे यजमान इथल्या कारखान्यात इंजिनिअर आहेत. तुम्हाला त्रास होत असेल तर सांगते तिला.”

त्रास कसला! दुसऱ्या दिवशी तिळाच्या वड्यांचा डबा घेऊन मीच खाली गेले. बाई पस्तिशी-चाळिशीची, अतिशय संकोची. म्हणून तिचे नाव येथे घालीत नाही. तिचे इंग्रजी बेताचे आणि माझे त्याहून बेताचे, त्यामुळे आमची गट्टी लवकर जमली. भाचेसून मला मावशी म्हणते हे ऐकून तीही मला ‘मावशी-सान’ म्हणू लागली. ‘सान’ म्हणजे आपले ‘बाई’ किंवा ‘राव’. एकंदरीत मी ‘मावशीबाई’ झाले!

तिने वाद्य माझ्या हाती दिले. लांब, काळीभोर दांडी, खाली पेटीसारखे लहानसे भांडे, त्यावर सापाच्या खवल्यांचे कातडे आणि तीन तारा. वाजवायचे ते म्हशीच्या शिंगाच्या नखीने, आणि ती नखी तर्जनीत अंगुस्तानासारखी घालायची. दांडीवर पडदे नाहीत. नाव सानशिन, म्हणजे ‘तीन तारा’. खरे कातडे अजगराचे असते. पण ते सीमेपलीकडे न्यायचे तर परवान्याची यातायात फार, म्हणून तिचे कातडे नकली, नुसते छापील खवल्यांचे.

मी माझे शहाणपण दाखवीत म्हटले, “जपानी संगीत मला ठाऊक आहे. आमच्याकडे ‘लव्ह इन टोकियो’ नावाचा चित्रपट १९६६ साली आला होता.” ती बिचारी पाहतच राहिली. मग म्हणाली, “मावशी-सान, हे जपानी संगीत नव्हे. हे ओकिनावाचे.”

या एका वाक्याने माझी पुढची सहा आठवड्यांची शिकवणी सुरू झाली. तीत जे मिळाले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते, कारण ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना ते आज संध्याकाळीच पडताळून पाहता येईल.

जपानच्या संगीताचा एक राजमार्ग आहे. इ. स. ७५२ मध्ये नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूच्या हस्ते झाले, त्या समारंभात आशियातील अनेक देशांची नृत्ये व वाद्ये सादर झाली, आणि दरबारी संगीताने तो ठेवा सांभाळला. ही कथा ग्रंथांतून वाचावयास मिळते. दुसरा राजमार्ग शाळेचा. १८७९ साली जपान सरकारने संगीतशिक्षणासाठी एक खाते काढले, अमेरिकेहून ल्यूथर व्हायटिंग मेसन नावाचे शिक्षक आणवले आणि १८८१ पासून शाळांसाठी गीतांची पुस्तके छापली. त्या काळात जी स्वरपंक्ती रूढ झाली तिचे नाव ‘योनानुकी’. अर्थ, ‘चौथा आणि सातवा काढून टाकलेली’. आपण काय म्हणतो? मध्यम-निषाद वर्ज्य. म्हणजे चक्क भूप! जपानची शाळागीते आणि पुढे त्यांची लोकप्रिय भावगीते पुष्कळशी याच पाच स्वरांवर उभी राहिली. संगीताच्या पहिल्या इयत्तेत आमच्या मुलींना मी भूप शिकवीत होते आणि तिकडे जपानी गुरुजी आपल्या मुलांना तेच पाच स्वर घोकवीत होते, हे कळल्यावर मला विलक्षण गंमत वाटली.

परंतु माझ्या शेजारणीचे बोट राजमार्गाकडे नव्हतेच.

फुमिओ कोइझुमी (१९२७–१९८३) नावाचे एक थोर जपानी संगीतपंडित होऊन गेले. १९५७ च्या सुमारास ते भारतात शिकावयास आले होते आणि मद्रास व लखनौ या दोन्ही ठिकाणी राहून त्यांनी दक्षिणेचे आणि उत्तरेचे संगीत अभ्यासले. आपल्या देशातील लोकगीते ऐकून त्यांनी जो हिशेब मांडला, तो आपल्या भाषेत असा सांगता येईल. षड्ज आणि मध्यम हे दोन खुंट पक्के ठोका. पंचम आणि तार षड्ज हे आणखी दोन. आता प्रत्येक जोडीच्या मधोमध एकच स्वर टांगायचा; तो कोठे टांगता यावर सारे अवलंबून. कोमल ऋषभ आणि कोमल धैवत टांगा: आपली गुणक्री झाली, आणि त्यांची ‘मियाको-बुशी’, म्हणजे शहरांतील कोतो व शामिसेन या वाद्यांची चाल. तेच दोन स्वर शुद्ध करा: आपला दुर्गा, त्यांची जुनी ‘रित्सु’. थोडे वर सरकून कोमल गंधार व कोमल निषाद घ्या: आपली धानी, त्यांच्या खेड्यापाड्यांतील लोकगीतांची पट्टी. आणखी अर्धा स्वर वर, शुद्ध गंधार व शुद्ध निषाद: हीच ती ओकिनावाची पट्टी, जी मला गच्चीत गंभीरनाट भासली.

पेटीवर हे चार मेळ एकापाठोपाठ वाजवून पाहावे. एक स्वर सरकत जातो आणि मुलूख बदलत जातो.

स्वर तेच म्हणून राग तोच, असे मात्र कोणी समजू नये. त्यांच्याकडे वादी-संवादी नाही, आलापाची बढत नाही, तंबोऱ्याचा अखंड षड्ज नाही. गुणक्रीत आपण सकाळची करुण विनवणी ऐकतो; त्याच स्वरांत तिकडे चेरीच्या बहराचे गाणे मुले गातात. आपणांपासून त्यांनी घेतले की त्यांच्यापासून आपण, हा वादही निरर्थक आहे. पाच स्वर निवडण्याच्या वाटा थोड्या आणि माणसे पुष्कळ.

ओकिनावा हे पूर्वी स्वतंत्र राज्य होते. चीनमधून आलेले तीन तारांचे वाद्य तेथे सानशिन झाले. सोळाव्या शतकात ते जपानच्या मुख्य भूमीवर साकाईच्या बंदरात उतरले आणि त्याचेच शामिसेन बनले. सापाचे कातडे गेले, मांजराचे किंवा कुत्र्याचे आले. १८७९ साली जपानने ते राज्य खालसा केले. १९४५ च्या वसंतात तेथे जी लढाई झाली तीत गावेच्या गावे जळाली. वाचलेल्या लोकांना छावण्यांत ठेवले होते. त्या छावण्यांत लोकांनी अन्नाच्या रिकाम्या डब्यांना खाटेचे लाकूड जोडले, पॅराशूटच्या दोऱ्यांच्या तारा चढवल्या आणि सानशिन वाजवले. ‘कान्कारा सानशिन’ म्हणजे डब्याचे सानशिन, हे नाव अजून चालते. शाळकरी मुलांना हौसेने बनवावयास देतात. १९७२ पर्यंत त्या बेटांवर अमेरिकेचा अंमल होता.

माझ्या शेजारणीला मी साहजिकच विचारले, “तू कोणाकडे शिकलीस? आईकडे?”

ती म्हणाली, “येथे शिकले. व्हाइटफील्डमध्ये.”

मला वाटले, इंग्रजीचा काही घोटाळा झाला. पण नाही. तिच्या आजीला गाणी येत होती. मात्र आजी शाळेत असताना ओकिनावाची बोली तोंडातून निघाली की गुरुजी गळ्यात एक लाकडी पाटी अडकवीत. दुसरे कोणी तसे बोलताना सापडेपर्यंत ती उतरत नसे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील शाळांत ही शिक्षा सर्रास होती. आजीने ती पाटी इतक्यांदा घातली की पुढे आपल्या मुलांशी ती बोलीतून बोललीच नाही. नातीने गाणे मागितले, तेव्हा म्हणाली, चांगली जपानी गाणी शिक. नात चांगली जपानी गाणी शिकली, पियानो शिकली, लग्न होऊन येथे आली. आजी वारल्याची बातमी तिला येथेच कळली. त्यानंतर दुपारच्या एकटेपणात तिने ओकिनावाच्या जुन्या गायकांची ध्वनिमुद्रणे ऐकावयास आरंभ केला. रिन्शो कादेकारू (१९२०–१९९९) यांचा आवाज तिने मला ऐकवला. त्यात सफाई अशी नाही, पण घराच्या ओट्यावर बसून बोलावे तसा तो माणूस गातो. पुढे तिने गावाहून सानशिन मागवले आणि पुस्तकावरून हात बसवला. चिनी अक्षरांच्या चौकटींत लिहिलेली ती स्वरलिपी पाहून मला भातखंड्यांच्या पुस्तकांची आठवण झाली.

एकदा वाट सापडली की माणूस पुढे जातोच. ओकिनावावरून ती उत्तरेस गेली आणि मलाही घेऊन गेली. अगदी उत्तरेच्या होक्काइदो बेटावर ऐनू नावाचे मूळ रहिवासी आहेत. त्यांचे ‘मुक्कुरी’ म्हणजे बांबूची पट्टी ओठांशी धरून दोरीने झटके द्यायचे वाद्य. येथील मृदंगाच्या साथीतले मोरसिंग ज्यांनी ऐकले असेल त्यांना त्याची जात तत्काळ ओळखू येईल. उमेको आंदो (१९३२–२००४) या ऐनू बाईंची गाणी तिने मला ऐकवली. ती ऐकत तिचे धाकटे मूल मांडीवर झोपी गेले. त्सुगारू प्रांतातील चिकुझान ताकाहाशी (१९१०–१९९८) लहानपणीच अंध झाले आणि बर्फातून दारोदार शामिसेन वाजवीत हिंडले. साठी ओलांडल्यावर, १९७३ पासून, टोकियोतील एका लहानशा नाट्यगृहात तरुण मुले त्यांना ऐकावयास गर्दी करू लागली.

पण माझ्या मनात घर करून राहिल्या त्या ‘गोझे’.

गोझे म्हणजे अंध गायिका. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर नीगाता प्रांत आहे. तेथे हिवाळ्यात पुरुषभर बर्फ पडते. या प्रांतात अंध मुलींना मालिश करण्याचा धंदा किंवा गाण्याचा, असे दोनच मार्ग असत. गाण्याचा पत्करला तर मुलगी लहानपणीच गुरुबाईच्या स्वाधीन होई. मग वर्षातील बहुतेक दिवस पायी भटकंती. तिघी-चौघींची ओळ, सर्वांत पुढे जिला थोडेफार दिसते ती, आणि मागचीने पुढचीच्या पाठीवरील गाठोड्याला हात लावून चालायचे. गावोगावी त्यांचे ठरलेले यजमान असत. दिवसा दारोदार गाऊन तांदूळ मिळवायचे; रात्री यजमानाच्या घरी गाव जमले की कथागीते गायची. माणसाशी संसार मांडलेली कोल्हीण आपले खरे रूप उघड झाल्यावर तान्ह्या मुलाला सोडून रानात परत जाते, अशी एक कथा त्यांत आहे. ती गाताना बाया रडत. लिखित असे काहीच नाही, सारे कंठस्थ. एकेक कथा रात्रीमागून रात्री पुरावी एवढी लांब. नियम मात्र कडक. पुरुषाशी संबंध आला की संघातून हकालपट्टी.

आणखी एक गोष्ट ऐकून मी चकित झाले. रेशमाचे किडे पाळणारे शेतकरी गोझेंना मुद्दाम बोलावीत, कारण त्यांचे गाणे ऐकले की किडे चांगले कोष करतात अशी समजूत होती. शामिसेनच्या तारा रेशमाच्याच असतात. व्हाइटफील्डहून होसकोट ओलांडले की कोलार व चिक्कबळ्ळापूर भागांत तुतीची शेते लागतात. जमशेटजी टाटांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगळुरास रेशीमबाग काढली, तेव्हा तज्ज्ञ आणवले ते जपानहूनच. त्या तज्ज्ञांबरोबर किडे आले, विद्या आली. किड्यांसाठी गाणाऱ्या बाया काही आल्या नाहीत!

हारू कोबायाशी ही या परंपरेतील शेवटच्या मोठ्या गायिकांपैकी एक. जन्म १९०० चा; तान्हेपणीच दृष्टी गेली. पाचव्या वर्षी गुरुबाईकडे दिली गेली. आवाज कमावण्याची रीत अशी की ऐन थंडीत पहाटे आणि रात्री नदीकाठी उघड्यावर उभे राहून गावयाचे. घसा फुटला, तरी गावयाचे. त्यातून जो आवाज तयार होई, तो गोड नसे. तो वाऱ्यापावसातून पलीकडच्या घरापर्यंत पोहोचणारा असे. मी तो ध्वनिमुद्रणात ऐकला आहे. संगीतशिक्षिका म्हणून मी त्या आवाजाला गुण दिले नसते, हे प्रामाणिकपणे सांगते. पण थांबवून दुसरे काही ऐकावे, असेही मला वाटले नाही. १९७३ च्या सुमारास हारूचे भटकणे थांबले. १९७८ साली जपान सरकारने तिच्या गायनाची नोंद राष्ट्राचा अमूर्त ठेवा म्हणून घेतली. अंध वृद्धांच्या आश्रमात ती राहिली आणि डोळस स्त्रिया तिच्याकडे शिकावयास येऊ लागल्या. २००५ साली, एकशे पाच वर्षांची होऊन, ती गेली. आज गोझेंची गाणी गातात त्या अशा डोळस शिष्या. गाणे वाचले, असे म्हणावे की नाही? माझ्या शेजारणीचे म्हणणे, वाचले. मला शंका आहे. बर्फातली ती ओळ पुन्हा चालणार नाही, आणि अंध मुलींना आता शाळा आहेत, म्हणून ती चालू नये हेच बरे. पण त्या ओळीवाचून ते गाणे कोणासाठी?

हे सारे मी तिच्याशी मोठ्या आवेशाने बोलत असता तिने सहज विचारले, “मावशी-सान, तुमची आई कोणती गाणी गात असे?”

मी गप्प झाले. माझी आई पहाटे जात्यावर ओव्या म्हणत असे. मी तिच्या मांडीवर डोके ठेवून त्या ऐकल्या आहेत; पण पुढे गायन विद्यालयात गेल्यावर ‘ओवी म्हणजे काही संगीत नव्हे’ असे मानू लागले, आणि पस्तीस वर्षे मुलींनाही तसेच मानावयास शिकवले. माझ्या गळ्यात कोणी पाटी घातली नव्हती; ती मी आपल्याच हाताने घातली होती. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यात बसून महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक ओव्या गोळा करविल्या. पण त्यांत माझ्या आईची ओवी कोठून असणार? ती लिहून घेण्यास घरात मी होते.

त्या रात्री मी साताऱ्यास आक्काला फोन लावला. आक्का चौऱ्याऐंशीची, दम्याने बेजार. म्हटले, “आक्का, आईची जात्यावरची चाल येते का गं तुला?” ती म्हणाली, “येईना व्हय? पण आता कशाला?” दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारीण वर आली, फोन मोठ्या आवाजावर लावला, आणि आक्का गाऊ लागली. तीनच स्वर, कधी चौथ्याला स्पर्श. मधून खोकला.

मी पेटी पुढे ओढली. सा मिळाला, ऋषभ मिळाला; गंधार काही मिळेना. कोमल वाजवला तर उतरे, शुद्ध वाजवला तर चढे. आक्काचा गंधार दोन पट्ट्यांच्या मधे कोठेतरी होता आणि पेटीत ती जागाच नाही. मी दोनदा-तीनदा खटपट करून हात मागे घेतला.

शेजारीण मान खाली घालून ऐकत होती. सानशिनला पडदे नाहीत हे मागे सांगितलेच आहे. तिने बोट दांडीवर ठेवले, केसभर वर नेले, पुन्हा थोडे खाली आणले, आणि तार छेडली.

फोनमध्ये आक्का थांबली. “कोण गं ती वाजवतीया?”

“खालची शेजारीण. जपानची... ओकिनावाची.”

“अगं, मग तिला म्हणावं थांब जरा. दुसरी ओवी सांगते.”